आईच्या खालच्या पापणीचं ऑपरेशन आहे, चांगला डोळा महिनाभर शिवून बंद ठेवायचा म्हणतायत. काय करू?

निफाडची_लेक | १९ नोव्हेंबर, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, कारण घरात कुणालाच झोप नाहीये.

आई ७१ वर्षांची आहे, निफाडजवळच्या गावात भावाकडे असते, मी इंदिरानगरला. तिचा सगळा जन्म कांद्यात आणि द्राक्षात गेला, उन्हातान्हात, डोक्यावर पदर एवढंच काय ते संरक्षण. दोन वर्षांपूर्वी उजव्या डोळ्याच्या खालच्या पापणीवर बाहेरच्या बाजूला मुगाच्या डाळीएवढा फोड आला. दाखवलं तर म्हणाले रांजणवाडी आहे, शेक घ्या. गेली नाही म्हणून चीर देऊन काढली, परत आली, मग दुसऱ्या ठिकाणी परत चीर दिली. दोन्ही वेळेला काढलेला तुकडा तपासायला पाठवलाच नाही आणि आम्हालाही ते विचारायचं असतं हे माहीत नव्हतं. आई म्हणायची दुखत नाही ना, मग कशाला पैसे घालवता.

दिवाळीत पहिल्या आंघोळीला वहिनी तिला उटणं लावत होती तेव्हा तिला दिसलं की तेवढ्या जागेवरचे पापणीचे केसच गेलेत. गाठ मोत्यासारखी चमकते, मधे खळगा पडलाय, आणि अधूनमधून रक्ताचा ठिपका येऊन खपली धरते. वहिनीनेच हट्ट धरला म्हणून नाशिकला आणलं, बायोप्सी झाली, रिपोर्ट बेसल सेल कार्सिनोमा. म्हणजे कातडीचा कॅन्सर.

डॉक्टर चांगले आहेत, नीट समजावलं. म्हणाले हा शरीरात सहसा पसरत नाही, पण जागेवर पोखरत जातो, काढलाच पाहिजे. गाठ ९ मिमी आहे, दोन्ही बाजूंनी थोडी चांगली कातडी धरून काढावी लागेल, म्हणजे अर्ध्याहून जास्त पापणी जाईल. मग वरच्या पापणीच्या आतून भाग खाली ओढून खालची पापणी बनवायची आणि चार ते सहा आठवडे डोळा तसाच बंद, नंतर दुसरं छोटं ऑपरेशन करून उघडायचा.

आता खरी अडचण. आईला लहानपणी देवी आल्या होत्या, तेव्हा डाव्या डोळ्यात फूल पडलं. त्या डोळ्याला उजेड-अंधार आणि हललेला हात एवढंच कळतं. म्हणजे जो बंद करायचा म्हणतायत तोच तिचा एकमेव डोळा आहे. ती सरळ म्हणाली, "माझ्या डोळ्याला कुलूप लावू नका गं, महिनाभर मी संडासाला कुणाचा हात धरून जाऊ? त्यापेक्षा आहे तशी मरते." त्या दिवसापासून ती ऑपरेशनचा विषयच काढू देत नाही.

कुणी यातून गेलंय का? डोळा बंद न करता पापणी बनवायचा दुसरा रस्ता असतो का? तिला कसं समजावू?

---

गोदाकाठ | १९ नोव्हेंबर, रात्री ११:१५

ताई, आधी एक सांगतो, "आहे तशी मरते" हे माणूस भीतीने बोलतं, मनावर घेऊ नका. मी ६८ वर्षांचा, नाशिकरोडला प्रेसमधून रिटायर झालो. माझा आजार वेगळा होता पण खालच्या पापणीचाच. माझी पापणी आत वळायची. पापणीचे केस बुबुळावर घासायचे, चोवीस तास डोळ्यात कुसळ गेल्यासारखं, उजेडात डोळा उघडवायचा नाही. वर्षभर नुसते थेंब घालत बसलो. शेवटी डॉक्टरीणबाईंनी कागदी चिकटपट्टीने पापणी गालाकडे ओढून धरली आणि पाच मिनिटांत सलणं थांबलं, तेव्हा मला कळलं की दोष डोळ्यात नाही, पापणी सैल पडलीय. ऑपरेशन जागेवर सुन्न करून केलं, तासाच्या आत. बाहेरच्या कोपऱ्यात पापणी कापून घट्ट केली आणि आत हाडाच्या आवरणाला टाका घालून बांधली. आज दोन वर्षं झाली, काही त्रास नाही.

तुमच्या आईंचं प्रकरण मोठं आहे हे कळतंय. पण एकच डोळा आहे ही गोष्ट तुम्ही डॉक्टरांना ठासून सांगितलीत का? की त्यांनी कागदावर नुसतं "डावा डोळा दृष्टी कमी" वाचलं?

---

निफाडची_लेक | १९ नोव्हेंबर, रात्री ११:३१

काका, खरं सांगू का, मी सांगितलं, पण भाऊ बोलत होता, गर्दी होती, मला वाटतं त्यांच्यापर्यंत ते नीट पोचलंच नाही. उद्या परत जाते.

---

पापणी_आणि_पाणी | २० नोव्हेंबर, सकाळी ६:५०

मी डोळ्यांची डॉक्टर आहे, पापण्यांच्या सर्जरीचंच काम करते. नाव-गाव सांगत नाही कारण इथे पेशंट मिळवायला आलेली नाही, आणि न तपासता अमुकच ऑपरेशन करा असंही सांगणार नाही. पण तुम्हाला डॉक्टरांशी बोलताना काय विचारायचं ते कळावं म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

पापणी म्हणजे अस्तर लावलेलं ब्लाउजचं कापड समजा. बाहेरचं कापड म्हणजे कातडी आणि तिच्याखालचा डोळा मिटणारा स्नायू. आतलं अस्तर म्हणजे एक घट्ट पट्टी, तिला आम्ही टार्सस म्हणतो, आणि तिला चिकटलेला ओला गुळगुळीत पडदा जो बुबुळावर फिरतो. पापणीचा पूर्ण जाडीचा तुकडा गेला की दोन्ही परत बनवावे लागतात. नुसती कातडी लावली तर आतून ती बुबुळाला घासणार, आणि पट्टी नसेल तर पापणी ओल्या कागदासारखी लोंबणार.

आता किती गेलंय त्यावर सगळं ठरतं. पापणीची लांबी साधारण २८ ते ३० मिमी असते. पाव भाग गेला तर दोन कडा ओढून सरळ शिवता येतात, म्हाताऱ्या माणसाची पापणी सैल असते म्हणून तिथे कधीकधी एक तृतीयांशापर्यंतही जमतं. अर्ध्यापर्यंत गेला तर बाहेरच्या कोपऱ्यातला बंध सोडवून कानशिलाकडून अर्धगोल कातडी सरकवतात, ती टेन्झेल यांची १९७५ची पद्धत. आणि अर्ध्याहून जास्त गेला की तुमच्या डॉक्टरांनी सांगितली ती, ह्यूजेस यांची, १९३७ पासून चालत आलेली. ९ मिमीची गाठ आणि दोन्हीकडे ३-४ मिमी चांगला भाग, म्हणजे १५-१७ मिमी, म्हणजे अर्ध्याच्या वर. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं ते नियमाला धरूनच आहे, त्यांच्यावर रागवू नका.

वरच्या पापणीतूनच का घेतात, तर खालच्या पापणीतली पट्टी जेमतेम ४ मिमी उंच असते आणि वरचीतली १० मिमी. म्हणजे वरचीकडे उसनं द्यायला असतं. कडेचं ४ मिमी सोडून त्याच्या वरचा तुकडा घेतात, पण तो पूर्ण तोडत नाहीत, वरच्या पडद्याला जोडलेलाच खाली आणतात, कारण त्यातूनच त्याला रक्त मिळतं. ही जी जोडणी असते ती बुबुळाच्या समोरून जाते, म्हणून डोळा बंद राहतो. खाली नवीन रक्तपुरवठा धरला की ती कापून डोळा उघडायचा. पूर्वी सहा-आठ आठवडे ठेवायचे, आता काही सर्जन दोन-तीन आठवड्यांतही उघडतात.

आणि इथेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. नियम असा की दोन थरांपैकी एक तरी थर स्वतःचं रक्त घेऊन आलेला पाहिजे. दोन्ही थर सुटे कापून आणून एकावर एक ठेवले तर ते जगत नाहीत, काळे पडून गळून जातात. पण रक्त आतल्या थरानेच आणलं पाहिजे असं कुठे आहे? उलट करता येतं. आतलं अस्तर सुटं आणायचं, आणि बाहेरचं कापड, म्हणजे गालाची किंवा वरच्या पापणीची कातडी, जोडलेलीच फिरवून त्याच्यावर घालायची. मग डोळ्यासमोर काही येत नाही. अस्तरासाठी दुसऱ्या डोळ्याच्या वरच्या पापणीतली पट्टी, तोंडातल्या टाळूचा पडदा, नाकातली किंवा कानाची कुर्चा, म्हणजे लवचिक मऊ हाड, असे पर्याय असतात. गालाची कातडी मोठी फिरवायची पद्धत स्कॉटलंडच्या मुस्तार्डे यांच्या नावाने ओळखतात. व्रण जास्त मोठा येतो, सूज जास्त, भूल पूर्ण द्यावी लागू शकते, आणि गालाचं वजन पापणीला खाली ओढू नये म्हणून हाडाला नीट टाका घ्यावा लागतो. पण एकच डोळा असलेल्या माणसात हा विचार आम्ही करतोच करतो.

म्हणून डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. एकच डोळा आहे तर डोळा उघडा ठेवणारी पद्धत जमेल का. काढलेल्या तुकड्याच्या कडा साफ आहेत, म्हणजे तिथपर्यंत कॅन्सर पोचलेला नाही, हे ऑपरेशन चालू असतानाच तपासणार की आधी काढून, रिपोर्ट आल्यावर पापणी बनवणार. आणि पापण्यांची सर्जरी त्यांच्या हातून नेहमी होते का. तिसरा प्रश्न विचारायला लाजू नका, चांगला डॉक्टर त्याचा राग मानत नाही.

एक कळकळीचं सगळ्यांसाठी. पन्नाशीनंतर एकाच जागी परत परत येणारी रांजणवाडी ही रांजणवाडी नाही असं समजून चाला. आपल्याकडे पापणीतल्या तैलग्रंथींचा कॅन्सरही बराच दिसतो, तो बेसल सेलपेक्षा जास्त वाईट आणि दिसायला अगदी रांजणवाडीसारखाच साधा. केस गळाले, रक्त आलं, पापणीची कड वाकडी झाली, तर तुकडा तपासायला पाठवाच.

---

सुनील_सिडको | २० नोव्हेंबर, सकाळी ९:०५

आमच्याकडे एकाची अशीच गाठ चुना आणि गूळ लावून आपोआप गळून पडली होती, ऑपरेशनच्या आधी एकदा करून बघायला काय हरकत आहे.

---

वैद्य_पंचवटी | २० नोव्हेंबर, सकाळी ९:४०

सुनीलभाऊ, हरकत आहे, खूप मोठी हरकत आहे. चुना डोळ्यात गेला तर बुबुळ भाजून पांढरं होतं, कायमचं. त्या माउलीला एकच डोळा आहे. मी स्वतः आयुर्वेदाची प्रॅक्टिस करतो आणि म्हणूनच सांगतो, पापणीला चाकू लावायचा हे आपल्या परंपरेला काही परकं नाही. सुश्रुताने पक्ष्मकोपात, म्हणजे पापणीचे केस आत टोचायला लागले तर, शस्त्रकर्मच सांगितलंय. भुवईखाली दोन भाग आणि पापणीच्या कडेला एक भाग सोडून मधली जवाच्या दाण्याच्या आकाराची कातडी काढायची आणि केसाने शिवायची, इतकं मोजून-मापून. ज्या रोगाला शस्त्र त्याला शस्त्रच. ताई, लेप-बिप काही लावू नका.

---

सुनील_सिडको | २० नोव्हेंबर, सकाळी १०:१२

चूक झाली, ऐकीव होतं. ताई ते करू नका. माफ करा.

---

सातपूरकर_७७ | २० नोव्हेंबर, दुपारी १:२०

मी एमआयडीसीत भट्टीवर होतो, सात वर्षांपूर्वी गालावर भाजलं. डोळा वाचला, पण जखम भरताना गालाची कातडी आकसत गेली आणि तिने खालची पापणी ओढून उलटी केली, आतला लाल भाग बाहेर दिसायचा. मुलं घाबरायची. झोपेत डोळा अर्धा उघडा, सकाळी बुबुळ कोरडं ठणठणीत, चिपडं धरलेली, आणि दिवसभर पाण्याची धार. लोकांना वाटायचं हा सारखा रडतो.

माझं ऑपरेशन म्हणजे आकसलेला व्रण कापून मोकळा केला आणि जी जागा उघडी पडली तिथे कानामागची कातडी आणून लावली. ती जागा बघून मी घाबरलो होतो, एवढीशी पापणी आणि एवढं मोठं ठिगळ? डॉक्टर म्हणाले ठिगळ नंतर आकसतं, म्हणून मुद्दाम मोठं घेतलंय. तेच झालं. वर कापसाची गादी टाक्यांनी दाबून बांधली होती, सहाव्या दिवशी काढली. आधी जांभळट, मग तपकिरी, आता लांबून कळतही नाही. तीन आठवड्यांनंतर रोज बोटाने मालीश, खालून वर, सहा महिने. तो कंटाळा केला नाही म्हणून निकाल चांगला आला असं मला वाटतं.

आईंना सांगा, पापणीची कातडी फार लवकर भरते. मला कानामागेच जास्त दुखलं.

---

द्राक्षबाग_दिंडोरी | २० नोव्हेंबर, रात्री ८:५५

विषय निघालाय म्हणून आमच्याकडचं लिहितो, द्राक्षवाल्यांनी वाचावं. मागच्या हंगामात आमच्या बागेत कामाला असलेल्या बाईंचा सहा वर्षांचा मुलगा मांडवाखाली पळत होता, तुटलेल्या तारेचं टोक खालच्या पापणीत नाकाकडच्या कोपऱ्यात अडकलं आणि पापणी फाटली. रक्त थोडंच आलं. जवळच्या एका दवाखान्यात म्हणाले दोन टाके मारतो, घरी जा. माझ्या बायकोने त्याच वेळी ओळखीच्या डॉक्टरांना फोटो पाठवला, ते म्हणाले टाके मारू देऊ नका, तिथून डोळ्यातलं पाणी नाकात न्यायची नळी जाते, ती तुटली असणार. रात्रीच नाशिकला नेला, दुसऱ्या दिवशी सकाळी भूल देऊन ती केसासारखी नळी शोधली आणि आत सिलिकॉनची बारीक नळी घालून शिवली. तीन महिन्यांनी नळी काढली. आता पोराच्या डोळ्यातून पाणी गळत नाही.

नुसतं वरून शिवलं असतं तर जन्मभर डोळा गळत राहिला असता. तेव्हापासून बागेत तारेची टोकं आम्ही वळवून, वर रबरी नळीचा तुकडा घालतो.

---

पापणी_आणि_पाणी | २० नोव्हेंबर, रात्री ९:३०

दिंडोरीच्या दादांनी लाखमोलाचं लिहिलंय. नाकाकडच्या कोपऱ्यातली पापणी फाटली तर नळी तुटलीय असंच धरायचं, आणि ती एक-दोन दिवसांत जोडली तर उत्तम जुळते, नंतर टोकं सापडत नाहीत. कुत्रा चावून फाटलेली पापणी असेल तर आधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं, रेबीजची लस आणि जखमेत द्यायचं इंजेक्शन हे टाक्यांच्या आधी.

---

निफाडची_लेक | २७ नोव्हेंबर, रात्री ९:१०

आठवडाभर लिहिता आलं नाही. काका, तुमचं ऐकून मी एकटीच डॉक्टरांकडे गेले आणि आईच्या डाव्या डोळ्याबद्दल पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले मला हे आधी का नाही कळलं, आणि आईला परत बोलावलं, डावी पापणी उलटवून बघितली. म्हणाले फूल बुबुळावर आहे, पापणीच्या आतला भाग स्वच्छ आहे, अस्तराचा तुकडा इथून घेता येईल. पण गालाची कातडी फिरवायचं काम माझ्यापेक्षा नेहमी करणाऱ्याने केलेलं बरं, आणि मुंबईच्या त्यांच्या ओळखीच्या सर्जनचं नाव दिलं. मला इतकं बरं वाटलं की त्यांनी ते स्वतः कबूल केलं.

पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला गेलो. आईला खिडकी दिली होती, कसारा घाटात ती उजव्या डोळ्याने बाहेर बघत बसली होती, एक शब्द बोलली नाही. मुंबईच्या मॅडमनी आधी मला नाही, आईलाच विचारलं, "मावशी, भीती कशाची वाटते?" आई म्हणाली अंधाराची. त्या म्हणाल्या, "मग आपण अंधार करायचाच नाही. पट्टी असेल एक-दोन दिवस, तेवढं तुम्ही मला द्या." आई लगेच हो म्हणाली! आम्ही दहा दिवस समजावत होतो, तिला ऑपरेशनची भीती नव्हतीच मुळी.

ठरलंय असं. सोमवारी नुसती गाठ काढायची, वर मलमपट्टी, कडांचा रिपोर्ट तीन-चार दिवसांत येईल, कडा साफ असतील तर शुक्रवारी पापणी बनवायची. त्या म्हणाल्या कॅन्सर खाली ठेवून वर सुंदर पापणी बांधण्यात अर्थ नाही. आई हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी घेते, ती थांबवायची की नाही हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारून ठरवलं, आपल्या मनाने बंद करू नका असं बजावलंय. खर्चाचं, फुले योजनेत काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारलं, रेशनकार्ड आणि आधार तेवढं घेऊन जा असं सगळ्यांना सांगते, आमचं कार्ड घरी राहिलं म्हणून भावाला परत पाठवावं लागलं.

---

गोदाकाठ | २७ नोव्हेंबर, रात्री ९:४५

वाचून डोळ्यात पाणी आलं. सोमवारी सकाळी मी काळारामाला जाईन.

---

आरती_कॉलेजरोड | २८ नोव्हेंबर, सकाळी ११:००

ताई, शुभेच्छा. माझ्या नवऱ्याचा चेहरा एका बाजूने लुळा पडला होता, पापणी खाली लोंबायची. तेव्हा शिकलेली एक गोष्ट तुमच्या आईंनाही उपयोगी पडेल. डोळा पुसताना आपण खाली गालाकडे ओढून पुसतो, दिवसातून पन्नास वेळा. त्याने पापणी अजून सैल होते. कोपऱ्यात नाकाच्या दिशेने आणि वर, नुसतं टिपायचं. आम्हाला हे तिसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, तोवर चार महिने उलटं पुसत होतो.

---

निफाडची_लेक | १४ डिसेंबर, सायंकाळी ७:२५

झालं ऑपरेशन. सगळ्यांना आधी हे सांगते की कडा साफ आल्या.

मधले चार दिवस मात्र कठीण गेले. गाठ काढल्यावर ड्रेसिंग बदलताना मी एकदा बघितलं. जिथे पापणी असायला हवी तिथे काहीच नव्हतं, डोळ्याचा पांढरा भाग सरळ गालापर्यंत उघडा. पापणी ही मी कधी गोष्टच समजत नव्हते हो, डोळा म्हणजे बुबुळ एवढंच. ती गेल्यावर डोळा किती उघडावाघडा दिसतो ते कळलं. नर्स दर दोन तासांनी जेल घालायची, वर ओलसर झाकण.

शुक्रवारी साडेतीन तास. डाव्या डोळ्याच्या वरच्या पापणीच्या आतून अस्तर घेतलं, तिथे टाकासुद्धा घातला नाही, आपोआप भरतं म्हणाल्या. उजव्या बाजूला कानशिलापासून गालाची कातडी फिरवून आणली. टाक्यांची ओळ डोळ्याच्या कोपऱ्यातून वर चढून कानासमोरून खाली येते, पहिल्या दिवशी बघून भाऊ बाहेरच निघून गेला. पट्टी रविवारी सकाळी काढली. डोळा सुजलेला, फट एवढीशी. मॅडमनी विचारलं, "मावशी, काय दिसतं?" आई म्हणाली, "तुमच्या गळ्यातलं मंगळसूत्र दिसतं, आणि ही माझी पोरगी रडतेय ते दिसतं."

सातव्या दिवशी गालाचे टाके काढले, कडेचे आज. आता नाशिकला माझ्याकडे आहे.

डॉक्टर मॅडम (इथल्या), एक विचारायचं होतं. नव्या पापणीला केस नाहीत, ते येतील का? आणि कड थोडी जाड आणि खाली वाटते, दीडेक मिमी. खालून डोळ्याचा पांढरा भाग दिसतो.

---

पापणी_आणि_पाणी | १४ डिसेंबर, रात्री ८:४०

फार आनंद झाला. केस येणार नाहीत, कारण केसांची मुळं गाठीबरोबर गेली. खालच्या पापणीला त्याने डोळ्याला फारसा तोटा होत नाही. जाडी सुजेमुळे आहे, दोन-तीन महिने द्या. थोडं खाली राहणं हे या पद्धतीत होतं, गालाचं वजन आणि आकसणारा व्रण दोन्ही खाली ओढतात, म्हणूनच आम्ही शिवताना ताण नेहमी आडवा घेतो, उभा कधीच नाही. सर्जनने सांगितल्यावर मालीश सुरू करा, वर आणि कानाच्या दिशेने. सातपूरच्या दादांनी सहा महिने केली ते लक्षात ठेवा. तोवर दिवसा थेंब, रात्री मलम, पंख्याचा वारा सरळ डोळ्यावर नको. झोपेत डोळा पूर्ण मिटतो का हे तुम्ही स्वतः रात्री टॉर्च लांब धरून बघा. मिटत नसेल, किंवा डोळा लाल होऊन दुखायला लागला, तर तारखेची वाट बघू नका, लगेच दाखवा. आणि ही गाठ परत येऊ शकते, निदान पाच वर्षं तपासणी चुकवायची नाही.

---

निफाडची_लेक | ९ फेब्रुवारी, रात्री १०:०५

उशिरा लिहितेय, द्राक्षं काढणीला आली, भावाकडे सगळी धांदल आहे.

आई दोन आठवड्यांपूर्वी गावी गेली. जायच्या आधी महिनाभर मी रोज रात्री टॉर्च घेऊन बघायचे, आधी एक फट राहायची, जानेवारीत ती बंद झाली. पापणी अर्धा मिमी वर आलीय असं मॅडम म्हणाल्या, मला तर सरळच दिसते. गालावरची रेघ अजून लालसर आहे. बागेत जाताना भावाने तिला मोठ्या काठाची टोपी आणि गॉगल आणून दिला, टोपी घालते, गॉगल कमरेला खोचून ठेवते, त्यावरून रोज वहिनीशी भांडण.

काल गेले तेव्हा ओट्यावर बसून गोधडी शिवत होती. सुईत दोरा ओवायला नातवाला हाक मारली नाही, स्वतः उजेडाकडे तोंड करून ओवला, तिसऱ्या खेपेला गेला. मधेच डोळ्याला पाणी आलं तेव्हा पदर घेतला, खाली ओढायला गेली, थांबली, आणि मग नाकाकडे वर नुसतं टिपलं. आरतीताई, हे तुमच्यामुळे.

शेजारच्या गावातल्या एक बाई आईचा चेहरा बघून स्वतःहून विचारायला आल्या, त्यांच्या नवऱ्याच्या पापणीला वर्षभर फोड आहे म्हणे. आईने त्यांना पहिला प्रश्न विचारला, "केस गळालेत का तिथले?" गळालेत. परवा त्यांना घेऊन नाशिकला येतोय भाऊ, पहिल्या डॉक्टरांकडेच, ज्यांनी आम्हाला पुढे पाठवलं. काय निघतं ते इथेच लिहीन. आईची पुढची तारीख मे महिन्यात आहे.

---

गोदाकाठ | ९ फेब्रुवारी, रात्री १०:३०

त्या बाईंचं गाव कोणतं? नाशिकरोडला उतरणार असतील तर मला कळवा, स्टेशनवर मी येतो, दवाखान्यापर्यंत सोडतो.